पत्र्याची तलवार विकत घेण्याआधी

लष्करी शस्त्रांच्या शौकिनाला मुलांच्या खेळण्यातली जुनी तलवार दिली, की तो सवयीने पात्यापासून सुरुवात करतो. पोलाद कोणतं, धार कशी, कारखान्याचा शिक्का कुठे आहे, हे तो बघतो. उत्तरं सगळी नकारार्थी येतात. पोलाद कसलं, पत्राच आहे. धार तर कधी लावलेलीच नव्हती, आणि शिक्का बहुतेक वेळा नसतो. मग तलवार 'नकली' ठरून परत विक्रेत्याच्या टोपलीत जाते. जुनी खेळणी जमवणाऱ्यांचं पहिलं प्रेम आगगाड्या आणि बाहुल्यांवर, त्यामुळे तेही तिच्याकडे पाठ फिरवतात. नव्याने संग्रह सुरू करणाऱ्याला या दुर्लक्षाचा फायदा घेता येतो, पण त्याआधी थोडा उलटा अभ्यास करावा लागतो. खेळणं ओळखायचं तर आधी ज्याची नक्कल केली ती खरी तलवार नीट माहीत हवी. मग दोघींतला फरक वाचायचा. कारागिराने खऱ्या तलवारीतलं काय ठेवलं, काय गाळलं आणि काय स्वस्तात भागवलं, या हिशेबावरूनच तिचं वय आणि ती कोणासाठी बनली होती ते कळतं. तिची योग्य किंमतही त्यातूनच ठरते. नक्कल किती हुबेहूब आहे यावर मोल ठरवणारे इथे फसतात.

ज्या तलवारीची नक्कल होत होती ती म्हणजे घोडदळाची वाकडी, एकधारी सेबर. एकोणिसाव्या शतकात युरोपभर तिचे नमुने एकमेकांकडून उचलले गेले. ल मार्शां या अधिकाऱ्याच्या पुढाकाराने ब्रिटिशांच्या हलक्या घोडदळासाठी १७९६ साली ठरलेला नमुना प्रशियाने जवळजवळ तसाच घेतला. १८११च्या त्या प्रशियन तलवारीला सेनापती ब्ल्यूखरचं नाव चिकटलं. फ्रान्सच्या १८२२च्या नमुन्यावरून अमेरिकेने आपली १८४०ची तलवार बेतली आणि १८६०ची तलवार त्याच घराण्यातली, थोडी हलकी. त्यामुळे खेळण्याच्या मुठीवर पितळी फांद्यांची परज दिसली म्हणून ते फ्रेंच किंवा अमेरिकन ठरत नाही. ज्या कारखान्यात ते पत्र्यातून कापलं गेलं तो बहुधा जर्मनीतला असू शकतो, कारण दोन गोष्टी तिथे हाताशी होत्या. झोलिंगन हे पात्यांचं गाव आणि न्यूरेंबर्ग हे खेळण्यांचं. झोलिंगनचं नाव मराठी वाचकाला अगदीच परकं वाटायला नको. आपल्याकडे 'फिरंग' म्हणून नावाजलेल्या तलवारींत युरोपातून आलेली पाती बसवलेली असत आणि त्यांत या गावची पातीही होती.

मागणीही तिथे मोठी होती. १८७१ साली जर्मन साम्राज्य उभं राहिल्यावर गणवेशाला समाजात जी प्रतिष्ठा आली ती मुलांच्या कपड्यांपर्यंत आणि नाताळच्या भेटींपर्यंत झिरपली. प्रशियाच्या राजघराण्यातल्या मुलाला दहाव्या वर्षी गार्ड पलटणीत लेफ्टनंट नेमायची प्रथा होती. कारकुनाच्या किंवा दुकानदाराच्या मुलाला ते पद मिळणार नव्हतं, पण पत्र्याचं शिरस्त्राण, कमरपट्टा आणि सेबर मिळू शकत होती. फ्रान्समध्येही जर्मनांकडून झालेल्या पराभवानंतरची मन:स्थिती वेगळी नव्हती. १८८२च्या हुकमाने तिथल्या शाळांत विद्यार्थ्यांच्या पलटणी निघाल्या, त्या साधारण दहा वर्षं टिकल्या. हे संदर्भ डोक्यात ठेवून बाजारात फिरा. मग ही तलवार कोणा सरदाराच्या बाळाची असेल असं मनात येण्याऐवजी, कोणत्या आर्थिक थरातल्या घराने ती किती पैशांत घेतली असेल, हा जास्त उपयोगी प्रश्न सुचतो.

आता प्रत्यक्ष वस्तू हातात घेऊ. खरं पातं घडवलेलं असतं. मुठीपाशी ते जाड असतं, टोकाकडे पातळ होत जातं, आणि दोन्ही बाजूंनी खोदलेली पन्हळ त्याचं वजन कमी करते. खेळण्याचं पातं पत्र्यातून दाबयंत्रावर कापलेलं, मुठीपासून टोकापर्यंत एकाच जाडीचं. चिमटीत धरून बोटं टोकाकडे सरकवलीत तर हे डोळे मिटूनही कळतं. त्यावर पन्हळ दाबून काढली असेल तर एका बाजूच्या खोलगट रेषेमागे दुसऱ्या बाजूला उंचवटा सापडतो. घडवलेल्या पात्यात असं होत नाही. पुढे मुठीकडे या. खऱ्या तलवारीत पात्याचा निमुळता भाग पकडीतून आरपार जातो आणि वरच्या टोकाला ठोकून चपटा केलेला असतो. खेळण्यात तो दोन बोटांएवढा आत जाऊन एखाद्या रिव्हेटवर थांबतो, किंवा पत्र्याच्या जिभा वाकवून पातं नुसतं अडकवलेलं असतं. म्हणूनच जुन्या खेळण्यांचं पातं मुठीत खुळखुळतं. तो खुळखुळाट रचनेतून येतो, त्याला तुटफूट समजून भाव पाडून मागू नका. पकडीवर खऱ्या तलवारीत लाकूड, त्यावर चामडं किंवा माशाचं कातडं आणि वर पिळाची तार असते. खेळण्यात या तिन्हींची एकच ओतीव नक्कल असते. तारेचे वळसे साच्यातच उमटवलेले असतात, आणि दोन अर्धे जिथे जुळले तिथे ते वळसे किंचित चुकलेले दिसतात. ही चूक भिंगाखाली जरूर बघा. नंतरच्या काळात हौसेने बनवलेल्या प्रतिकृतीत पकडीवर खरी तार असते, कारण ती मोठ्यांना विकायची असते. मुलाला तारेचा भास पुरत होता.

सर्वांत बोलकं असतं ते म्यान. घोडदळाचं लोखंडी म्यानही पत्रा वळूनच करतात, पण त्याची शिवण घासून नाहीशी केलेली असते. खेळण्याच्या म्यानावर कडेने सरळ दुमडलेली किंवा झाळलेली शिवण उघड दिसते आणि झाळ कुठे कुठे ओघळलेली असते. म्यानाला दोन कड्या असतात, कारण खरी सेबर पट्ट्याला दोन वाद्यांनी लटकवतात. स्वस्त खेळण्यांत एका कडीची काटछाट झालेली आढळते. म्यानाच्या टोकाशी असलेला पंखासारखा तुकडा खऱ्या तलवारीत जमिनीवर घासून म्यान झिजू नये म्हणून असतो, तो खेळण्यातही ठेवलेला दिसतो. तिथे मात्र खरंच काम पडतं. सहा वर्षांच्या मुलाच्या कमरेला अर्ध्या मीटरचं म्यान लटकलं की ते फरशीवर घासणारच. या तुकड्याची एकाच बाजूची झीज, त्याच्या वरच्या रंगाचे खरचटलेले पट्टे आणि पट्ट्याच्या कडीपाशी पत्र्याला पडलेली खळी, हा खेळल्याचा पुरावा आहे. बनवेगिरी करणारा सहसा पूर्ण वस्तूला सारखा गंज चढवतो. मूल मात्र ठरावीक जागाच झिजवतं.

खेळणं आणि छोटी खरी तलवार यांत गोंधळ घालणारे प्रकार आहेत आणि विक्रेते त्यांचा फायदा घेतात. कोणी तुटलेली सेबर कापून लहान करतं आणि 'राजपुत्राची' म्हणून विकतं. कोणी अमेरिकन यादवीतल्या 'ढोल वाजवणाऱ्या पोराची तलवार' दाखवतं. अमेरिकन सैन्यात वादकांसाठी १८४०चा एक अधिकृत नमुना होता हे खरं, पण त्याचं पातं २८ इंच आहे, म्हणजे ७१ सेंटिमीटर, आणि ते शस्त्र आहे. नाटकमंडळींच्या तलवारी आणि बंधुसंघांच्या समारंभी तलवारी हा आणखी वेगळा गट. हे सगळं चाळण्यासाठी पात्याची लांबी पुरत नाही, कारण पातं कापता येतं. पकड मोजा. मोठ्या माणसाच्या चार बोटांना साधारण नऊ-दहा सेंटिमीटर जागा लागते, आणि कापून लहान केलेल्या तलवारीत ती तशीच राहते. खेळण्याची पकड बहुधा सात-आठ सेंटिमीटरची असते. तिच्यात तुमची करंगळी बाहेर राहते आणि परज बोटांच्या सांध्यांवर आदळते. पकड मोठी आणि पातं आखूड, असा जोड समोर आला तर पात्याचं टोक तपासा, कानसलेल्या खुणा सापडतील. राजपुत्रांसाठी खरोखर घडवलेल्या लहान तलवारी युरोपात होत्याच. पण त्या घडवलेल्या पात्याच्या आणि सोन्याच्या मुलाम्याच्या असतात, आणि अशी वस्तू बाजारात येते तेव्हा कागदपत्रांसह येते. नुसत्या गोष्टीवर जास्त पैसे देऊ नका. गोष्ट विक्रेत्याला फुकट पडते.

वय ठरवताना शिक्क्यांपेक्षा साहित्य जास्त विश्वासार्ह आहे. एक छोटं लोहचुंबक खिशात ठेवा. पिवळी परज चुंबकाला चिकटली तर ती पितळी नाही, पितळेचा रंग दिलेलं लोखंड आहे. चिकटली नाही तर पितळ, शिसेमिश्रित धातू किंवा जस्ताचा मिश्रधातू असे तीन पर्याय उरतात. शिशाच्या मिश्रणाने कागदावर ओढलं तर करडी रेघ उठते, ही खूण मुठीच्या न दिसणाऱ्या भागावरच तपासा. जस्ताच्या ओतीव मुठी मुख्यतः १९३०च्या आसपासपासूनच्या. त्यांतल्या काही आतून फुगतात, त्यांना बारीक जाळीदार चिरा पडतात, आणि हा रोग थांबवता येत नाही. अशी वस्तू सोडून द्या. पात्यावरची चमक निकेलची असेल तर ती १८७०च्या दशकानंतरची, कारण निकेलचा मुलामा तेव्हाच कारखान्यांत रुळला. निकेलला उबदार, किंचित पिवळसर झाक असते. निळसर, आरशासारखी चमक क्रोमची, आणि क्रोमचा मुलामा १९२०च्या दशकाच्या मध्याआधी बाजारात नव्हता. म्हणजे 'कैसरच्या काळातली' म्हणून पुढे केलेल्या तलवारीवर क्रोम दिसलं की चर्चा तिथेच संपते. म्यानावर छापील नक्षी असेल तर भिंगातून ठिपके दिसतात. पत्र्यावर छापण्याचं शिळायंत्र १८७५ साली लंडनमध्ये पेटंट झालं, त्यामुळे ठिपक्यांची नक्षी त्यानंतरची. हाताने रंगवलेल्या पट्ट्यात ब्रशचे माग असतात. आणि चार खाचांचा, फुलीच्या डोक्याचा स्क्रू दिसला तर तो १९३०च्या दशकाआधीचा नाही. मूळचा नसेल तर दुरुस्तीचा आहे. दोन्ही माहिती उपयोगीच.

शिक्का असलाच तर तो वाचताना एक गल्लत टाळा. 'मेड इन जर्मनी' ही अक्षरं जर्मनांनी हौसेने घातली नव्हती. ब्रिटनच्या १८८७च्या व्यापारचिन्ह कायद्याने आणि अमेरिकेत १८९१पासून लागू झालेल्या जकात कायद्याने आयात मालावर देशाचं नाव घालणं भाग पडलं. त्यामुळे शिक्का असलेली तलवार निर्यातीसाठी बनली होती, एवढंच ठामपणे म्हणता येतं. घरच्या बाजारात विकलेल्या मालावर नाव नसणं स्वाभाविक आहे, आणि शिक्का नाही म्हणून वस्तू १८८७पूर्वीची असा निष्कर्ष काढणारे विक्रेते हमखास भेटतात. 'डी.आर.जी.एम.' ही चार अक्षरं जर्मनीतल्या छोट्या शोधांच्या नोंदणीची, ती १८९१ साली सुरू झाली. 'ऑक्युपाइड जपान' असं लिहिलेलं असेल तर युद्धानंतरच्या अमेरिकी ताब्याच्या काळातला, म्हणजे १९५२च्या आतला माल. 'वेस्ट जर्मनी' म्हणजे १९४९नंतरचा. हे शेवटचे दोन गट शंभर वर्षं जुने नाहीत, पण सुरुवात करायला वाईट नाहीत, कारण त्यांचं वय वादातीत असतं आणि त्यांच्याशी ताडून बाकीच्यांचा अंदाज घेता येतो.

इथे अनुभवी संग्राहक आक्षेप घेतील. त्यांच्या मते बाजारात भाव सुस्थितीतल्या वस्तूला मिळतो, मग झिजलेल्या तलवारीचं कौतुक कशाला? आक्षेप अर्धा बरोबर आहे. विकताना चकचकीत तुकड्याला गिऱ्हाईक लवकर मिळतं हे नाकारण्यात अर्थ नाही. पण दोन मुद्दे त्यात निसटतात. एक म्हणजे झीज आणि नुकसान या वेगळ्या गोष्टी आहेत. टोकावरचा रंग उडणं, पात्याला आलेला मंद तपकिरी थर, पकडीवरच्या वळशांचं गुळगुळीत होणं, ही झीज. पत्रा आरपार खाऊन टाकणारा गंज, नव्याने लावलेला सोनेरी रंग, दुसऱ्याच तलवारीचं म्यान जोडणं, हे नुकसान. दुसरा मुद्दा असा की कोरी करकरीत तलवार दोनच कारणांनी कोरी राहते. ती विकलीच गेली नाही, किंवा ती अलीकडे बनली. दुसरी शक्यता आपल्याला जवळची आहे, कारण जगभरच्या बाजारात फिरणाऱ्या तलवारींच्या प्रतिकृतींपैकी पुष्कळ भारतातच, डेहराडूनसारख्या ठिकाणी, रीतसर प्रतिकृती म्हणूनच बनतात. बनवणाऱ्याचा त्यात दोष नाही, पण तीन हात फिरून झाल्यावर त्या 'जुन्या' होतात. म्हणून निर्दोष तुकड्याकडे जास्त संशयाने बघावं, आणि समंजस झीज असलेल्या तुकड्याला थोडे जास्त पैसे द्यावेत.

दुसरा आक्षेप नैतिक आहे आणि तो टाळून पुढे जाणं बरं नाही. ज्या मुलांच्या हाती १९००च्या सुमारास या तलवारी दिल्या गेल्या, ती १९१४ साली लढण्याच्या वयाची होती. मग हे जमवणं म्हणजे त्या तयारीचं कौतुक नव्हे का? युद्धखेळण्यांना विरोध तेव्हाही होता. 'शांततेची खेळणी' देण्याच्या चळवळीची थट्टा करणारी एक कथा साकी या इंग्रज लेखकाने लिहिली, आणि तो स्वतः १९१६ साली आघाडीवर मारला गेला. कथेतली मुलं नगरपालिकेच्या खेळण्यातल्या कचराकुंडीचा किल्ला करतात. खेळण्यांनी युद्ध घडतं की मुलं कशाचंही शस्त्र करतात, हा वाद त्यामुळे मिटत नाही. पण संग्राहकाने तो मिटवायची गरजही नाही. त्याने खेळणं खेळणं म्हणूनच मांडलं, शेजारी त्याच नमुन्याच्या खऱ्या तलवारीचं छायाचित्र आणि वर्ष ठेवलं, तर बघणाऱ्याला जे समजायचं ते समजतं. कौतुक तेव्हा सुरू होतं जेव्हा पत्र्याची तलवार मखमलीवर, दिव्याखाली, शौर्याच्या मजकुरासह टांगली जाते. न्यूरेंबर्गचं खेळणी संग्रहालय आणि झोलिंगनचं पाती-संग्रहालय अशी दोन्ही टोकं इंटरनेटवरून चाळली तर खेळण्याची मांडणी आणि शस्त्राची मांडणी यांतला फरक चांगला दिसतो.

भारतात हा छंद करताना कायद्याची एक गाठ सोडवावी लागते. शस्त्र अधिनियम १९५९खालच्या नियमांत नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्याच्या तलवारी-खंजिरांचा स्वतंत्र वर्ग आहे, आणि खेळण्यातल्या सेबरचं पातं नऊ इंच सहज ओलांडतं. पण 'शस्त्र' या शब्दाच्या व्याख्येतच, खेळण्याशिवाय दुसऱ्या कशाला उपयोगी न पडणारी आणि वापरायोग्य शस्त्रात रूपांतर न होऊ शकणारी वस्तू वगळलेली आहे. या दोन अटींकडे बारकाईने बघा. पत्र्याचं, एकाच जाडीचं, रिव्हेटवर लटकणारं पातं दोन्ही अटी पाळतं. घडवलेल्या पात्याची, फक्त धार न लावलेली 'कुमारांची' तलवार दुसऱ्या अटीत अडकू शकते. म्हणजे वर सांगितलेला फरक इथे थेट कामाला येतो. घेताना पावतीवर 'खेळणं, पत्र्याचं, धार नसलेलं' असं लिहून घ्या, लांबी आणि छायाचित्र जोडा. कुरिअरने तलवारी मागवल्याबद्दल महाराष्ट्रात पोलिसांनी कारवाया केलेल्या आहेत, तेव्हा पार्सलवर मोघम वर्णन नको. विमानात ती हातातल्या बॅगेत कधीच ठेवू नका, खेळण्यातलं शस्त्रसुद्धा तिथे चालत नाही. शंका असेल तर वकिलाला आधी विचारा. शंभर वर्षांहून जुनी वस्तू परदेशी पाठवायची वेळ आली तर १९७२च्या पुरावस्तू कायद्यामुळे पुरातत्त्व खात्याच्या दाखल्याचा प्रश्न उभा राहू शकतो, हेही लक्षात असू द्या.

जपणुकीत आपला मुख्य शत्रू पावसाळा. पातं म्यानात ठेवून वस्तू कपाटात टाकली की मुंबई-कोकणातल्या दमट हवेत म्यानाच्या आत गंज धरतो, आणि कळतं तेव्हा पातं बाहेर येत नाही. म्यान आणि पातं वेगळं ठेवा, सोबत सिलिका जेलच्या पुड्या ठेवा. खोबरेल लावू नका. वनस्पती तेल कालांतराने चिकट होतं आणि धूळ धरतं. शिवणयंत्राच्या तेलाचा अगदी पुसट हात पुरतो. रंगीत भागाला तोही नको. चिंच, लिंबू किंवा पितांबरीने पितळ घासणं म्हणजे शंभर वर्षांचा थर एका दुपारी धुऊन टाकणं आहे, तो परत येत नाही. नव्या प्लायवूडच्या बंद कपाटातल्या आम्ल वाफांनी शिसेमिश्रित मुठीवर पांढरी भुकटी धरते, म्हणून मांडणी हवेशीर ठेवा. आणि जुना रंग शिसेयुक्त असण्याची शक्यता गृहीत धरून तो पॉलिशपेपरने घासू नका. हे खेळणं घरातल्या मुलांना खेळायला द्यायचं नाही, यातला विरोधाभास कबूल आहे.

शोधायला मुंबईचा चोरबाजार किंवा पुण्याचा जुना बाजार हाताशी असला तरी तिथे अशी तलवार क्वचितच निघेल. जास्त माल युरोप-अमेरिकेतल्या लिलावांत येतो, आणि वर्णनापेक्षा छायाचित्रांवर विसंबून घ्यावा लागतो. विक्रेत्याकडे शिवणीचं, मुठीच्या वरच्या टोकाचं आणि पट्टी शेजारी ठेवलेल्या पकडीचं छायाचित्र मागा. न देणाऱ्याकडून घेऊ नका. वीस तुकडे घाईने घेण्यापेक्षा एकाच नमुन्याची तीन वेगवेगळ्या किमतींची खेळणी जमवा, म्हणजे गाळणीचा क्रम शेजारीशेजारी दिसेल. सोबत त्या काळातले स्टुडिओत काढलेले, पुठ्ठ्यावर चिकटवलेले मुलांचे फोटो स्वस्तात मिळतात, तेही घ्या. त्यांत गणवेशातला मुलगा तलवार धरून उभा असतो. मात्र ती तलवार त्याचीच असेल असं नाही, कारण फोटोग्राफरही अशी सामग्री बाळगत असत. अशा फोटोत मुलाचा हात बघा. पकडीवर चारही बोटं नीट बसलेली असतील तर खेळणं, आणि मुठीचं टोक त्याच्या मनगटापलीकडे लांब निघालं असेल तर ती कोणा मोठ्या माणसाची तलवार आहे, फोटोपुरती त्याच्या हातात दिलेली.